उजवीकडे जड

गाडी हॉस्पिटलच्या गेटाच्या खांबावर आदळली तेव्हा बाबांच्या शेजारी आई बसली होती. आईला काही झालं नाही. बाबांना काही झालं नाही. खांबाला तर मुळीच काही झालं नाही. बंपर आत गेला, रेडिएटर फुटला, आणि टोइंगवाल्याने गाडी पुढून उचलून माझ्या गॅरेजच्या दारात आणून टाकली.

गॅरेज माझं आहे. मी वीस वर्षं हे काम करते. नवीन गिऱ्हाईक अजूनही मलाच विचारतं, "मेकॅनिक कुठे आहेत?" आणि मी त्याला पाच मिनिटं स्टुलावर बसवून ठेवते, मग पाना हातात घेऊन पुढे होते. राग माझ्या नाकावर असतो, हे मला सगळ्यांनी सांगून झालंय. पण माझं निदान चुकत नाही असा माझा लौकिक होता. होता म्हणते, कारण आता मी स्वतः तसं म्हणत नाही.

बाबांनी चौतीस वर्षं अँब्युलन्स चालवली. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही जुनी, लांबलचक गाडी घेतली. घेतली तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. पण आईची किडनी गेली आणि गाडीला काम मिळालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार आईला डायलिसिससाठी न्यायचं. सकाळी साडेसातला निघायचं, चाळीस मिनिटांचा रस्ता, मग आई चार तास मशीनवर आणि बाबा बाहेर बाकावर. तीन वर्षांत त्यांनी एकही वार चुकवला नाही आणि दुसऱ्या कुणाला किल्लीला हात लावू दिला नाही. आई म्हणायची, हे चालवतात तेव्हा मला झोप लागते. मशीनवरून उठलेल्या माणसाला झोप लागणं किती मोठी गोष्ट असते, ते ज्याच्या घरी आहे त्यालाच कळेल.

आदळल्याच्या दिवशी संध्याकाळी दादाचा फोन आला. दादा लांब राहतो आणि फोनवरून आमचं घर चालवतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते त्याच्याकडून शिकावं. त्याचं म्हणणं होतं की बाबांना बहात्तर पूर्ण झाली, आज खांब होता, उद्या ट्रक असेल, आणि शेजारी आई असेल. किल्ली काढून घ्यायला हवी. मी म्हटलं, बाबा म्हणतात स्टीअरिंग वळलंच नाही. त्यावर तो म्हणाला की मग मेकॅनिक घरातच आहे ना. तू गाडी बघ. गाडीची चूक असेल तर विषय संपला, बाबांची असेल तर किल्ली घ्यायची. तू सांगशील ते मला मान्य.

म्हणजे निकाल माझ्यावर आला. बाबांनीही तेच म्हटलं, "तू बघ. तुझ्यापेक्षा जास्त कुणाला कळणारे?"

आता खरं सांगायचं तर मी बॉनेट उघडायच्या आधीच माझं मत झालं होतं. ठोकून आलेला प्रत्येक माणूस म्हणतो, ब्रेक लागलाच नाही. वळणावर गेलेला प्रत्येक माणूस म्हणतो, स्टीअरिंग वळलंच नाही. वीस वर्षांत असे शेकडो ऐकले. दहातल्या नऊ वेळा गाडी धडधाकट असते आणि माणूस फोनवर बोलत असतो, नाहीतर पेंगत असतो, नाहीतर म्हातारा झालेला असतो.

तरीही मी काम नीट केलं. पॉवर स्टीअरिंग जड होतं त्याची कारणं ठरलेली असतात. पहिलं तेल. तेलाची डबी उघडली, पातळी दोन खुणांच्या मधोमध, रंग लाल, जळका वास नाही, फेस नाही. दुसरा पंप फिरवणारा बेल्ट. अंगठ्याने दाबून बघितला, जेवढा दबायला हवा तेवढाच दबला, कुठे भेग नाही. नवा रेडिएटर बसवल्यावर इंजिन चालू करून पंपावर लांब स्क्रूड्रायव्हर टेकवला, दुसरं टोक कानाला लावलं. थकलेला पंप कण्हतो. हा कण्हत नव्हता. पाइप फडक्याने पुसून कोरडे केले आणि तासाभराने पुन्हा हात फिरवला, बोटाला थेंब लागला नाही. शेवटी गाडी लिफ्टवर घेऊन स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. दोन्हीकडे सारखं.

मग राउंड मारला. आमचा राउंड ठरलेला आहे, माझ्या उस्तादांच्या काळापासून. दारातून निघून डावीकडे, बेकरीपाशी डावीकडे, शाळेच्या भिंतीपाशी डावीकडे, पेट्रोल पंपाला वळसा घालून डावीकडे आणि परत दारात. आठ मिनिटं लागतात. सिग्नल नाही, मोठा रस्ता ओलांडायला नको. बरी झालेली प्रत्येक गाडी मी त्या राउंडवर फिरवून मगच गिऱ्हाइकाच्या हातात देते. बाबांची गाडी मजेत फिरून आली.

त्या संध्याकाळी आई पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती आणि बाबा खुर्चीत होते. मी हात धुऊन आले आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. तेल ठीक, बेल्ट ठीक, पंप ठीक, गाडीत काही नाही. बाबा जरा पुढे सरकले आणि म्हणाले, "अगं, पण गेटाशी वळताना कसं होतं की..." मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. दिवसभर त्या गाडीखाली पडले होते, दुपारी दादाचे तीन फोन येऊन गेले होते, आणि मला हे लवकर संपायला हवं होतं.

"बाबा, पुरे आता. नाचता येईना अंगण वाकडं."

आईचा हात घडीवर थांबला. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. खिशातून किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ठीक आहे. तू बघितलंस ना, मग ठीक आहे."

भांडले असते तर बरं झालं असतं. मी भांडायची तयारी करून आले होते, दोन-चार जोरदार वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यांनी विश्वास ठेवला.

पुढच्या सोमवारपासून मी आईला माझ्या गॅरेजच्या व्हॅनमधून न्यायला लागले. मागे पान्यांच्या पेट्या खडखडायच्या. बाबा मागच्या बाकावर आईची पिशवी मांडीवर घेऊन बसायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. परत येताना आईला झोप लागायची नाही. ती नुसती पट्टा धरून बसायची. एकदा मी विचारलं, पेट्यांचा आवाज होतो का. ती म्हणाली, आवाजाचं काही नाही गं.

बाबांमध्ये जे व्हायला लागलं ते मला आधी कळलं नाही. एक दिवस झाकण निघेना म्हणून त्यांनी बरणी माझ्यापुढे केली. मी उघडून दिली, त्यात काय एवढं. मग घरी दाढी करणं त्यांनी बंद केलं आणि न्हाव्याकडे जायला लागले. मग चहा ओतायला आईला सांगायला लागले, जिला स्वतःला कप धड धरवत नाही. जिना उतरताना कठडा धरायला लागले. एकदा मी खोलीत शिरले तर दोन्ही हात समोर धरून त्यांच्याकडे बघत बसले होते, उलटे, मग सुलटे. मला बघून हसले आणि म्हणाले, "यांचा आता भरवसा नाही." महिन्याभरात माणूस दहा वर्षांनी म्हातारा झाला. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, बघ, मी म्हणत होतो ना, बरं झालं वेळेत किल्ली काढली.

बरं झालं असेल, पण मला चैन पडेना. गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात आवरण घालून उभी होती. माझा पाय तिच्याकडे वळायचा. जेवायच्या सुट्टीत डबा अर्धा टाकून उठायची, आवरण उचलायची, बेल्ट दाबायची, तेल बघायची, आवरण परत टाकायची. आज दाबला तो बेल्ट उद्या पुन्हा दाबायची. पत्र्याचं काम करणारा आमचा मिस्त्री शेवटी म्हणाला, "ताई, गाडी बरी आहे. तुम्हीच एकदा ताप बघून घ्या." मी त्याच्यावर खेकसले. दुसऱ्याच्या गाडीचा नट दोनदा आवळून तो तोडला. एका गिऱ्हाइकाला त्याच्या गाडीची सोडून दुसऱ्याच गाडीची किल्ली दिली. काय बोचत होतं ते सापडत नव्हतं, आणि जे सापडत नाही त्याच्यावर मी नेहमी करते तेच केलं. ते नजरेसमोरून हलवायचं ठरवलं. गाडी विकून टाकू म्हटलं.

दादा हो म्हणाला. बाबाही हो म्हणाले, इतक्या पटकन की मला पुन्हा विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

गाडी बघायला एक कपडे शिवणारी बाई आली. दुकानाच्या ऑर्डरी घ्यायची, कापडाचे गठ्ठे मागे टाकायला तिला लांब गाडी हवी होती. चोखंदळ बाई. सीटची शिवण बघून म्हणाली, ही मूळची नाही, नंतर घातलेली आहे. मी म्हटलं, एक राउंड मारून या, आठ मिनिटांचा आहे. ती म्हणाली, आठ मिनिटांत मला बाहीसुद्धा कळत नाही. लायसन्स माझ्या टेबलावर ठेवून ती निघून गेली.

अर्धा तास झाला. पाऊण झाला. मी दारात येऊन रस्त्याकडे बघत होते. सव्वा तासाने गाडी परत आली. इंजिन चालूच ठेवून ती उतरली. गावाबाहेर गोदामापर्यंत जाऊन आले, म्हणाली, गाडी छान आहे, ब्रेक चांगले आहेत.

"फक्त एक बघा. तापली की उजवीकडे जड होते. डावीकडे लोणी, उजवीकडे मात्र कुणीतरी दुसऱ्या टोकाला धरून बसल्यासारखं."

मी तिला बाजूला सारून आत बसले. आवारातच हळूहळू डावीकडे वळवली. लोणी. उजवीकडे वळवायला गेले आणि चाक हातातच अडलं. दोन्ही हातांनी ओढलं, खांद्यापासून जोर लावला, तेव्हा कुठे ते कुरकुरत फिरलं. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. मिस्त्री काम सोडून बघत उभा राहिला. मी स्टीअरिंगवर कपाळ टेकवलं. अंगण खरंच वाकडं होतं.

तेल, बेल्ट, पंप, पाइप यांच्यानंतर एक पाचवं कारण असतं आणि ते मला पोरवयापासून पाठ होतं. चाकं ज्या दांड्याने वळतात तो रॅक. पंपाचं तेल त्याच्या आत एकदा या बाजूने ढकलतं, एकदा त्या बाजूने. आतलं सील एका बाजूला झिजलं की त्या बाजूचा जोर निसटतो. तेल गार आणि घट्ट असतं तेव्हा सील कसंबसं धरतं. अर्ध्या-पाऊण तासाने तेल तापून पातळ झालं की सोडतं. बाहेर थेंब गळत नाही, आवाज येत नाही. म्हणून गार गाडीला लिफ्टवर काही कळलं नाही. आणि राउंडचं म्हणाल तर वीस वर्षांत त्या राउंडवर मी एकही गाडी उजवीकडे वळवलेली नव्हती. दारातून डावीकडे, बेकरीपाशी डावीकडे. एकदाही मनात आलं नाही.

शिवणवालीला मी सांगितलं की गाडी विकायची नाही. तिचा दिवस वाया गेला, ती चिडली, आणि ती बोलली ते सगळं मी मुकाट्याने ऐकून घेतलं. मिस्त्रीला वाटलं मला खरंच ताप आलाय.

दोन दिवसांत रॅक बदलला. मग एकटी गाडी घेऊन बाहेर पडले आणि दीड तास गावभर फक्त उजवीकडे वळत राहिले. एका चौकातल्या पोलिसाने मला तीनदा बघितलं आणि चौथ्यांदा हात करून विचारलं, वाट चुकलात का. स्टीअरिंग एका बोटाने फिरत होतं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग काढायला जवळ कुणीच नव्हतं.

घरी गेले तेव्हा बाबा खिडकीपाशी बसले होते. आई आत पडली होती. मी किल्ली त्यांच्यासमोर धरली आणि म्हटलं की चूक गाडीची होती. म्हणजे माझी होती. तुमची नव्हती.

त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. निदान दादाला फोन लावायला सांगतील. ते किल्लीकडे बघत राहिले.

"उजवीकडे होतं ना?" त्यांनी विचारलं. "तापल्यावर?"

मी मान हलवली.

"हं. उजवीकडेच." ते म्हणाले, "दोन महिने ओढत होतो मी ते. बाकीची वळणं मोठी आहेत, निभायचं. गेटाशी एकदम काटकोनात वळावं लागतं." मग अगदी शांतपणे, कुठलीही तक्रार नसल्यासारखे म्हणाले, "तू गिऱ्हाइकाशी कशी बोलतेस ते मी तुझ्या त्या स्टुलावर बसून किती वेळा ऐकलंय. कधी होतं, गार असताना की तापल्यावर, कुठल्या बाजूला, आवाज येतो का. आडगिऱ्हाईक आलं तरी विचारतेस. मला एक विचारलं नाहीस गं."

मी गाडीला सगळं विचारलं होतं. पंपाला कान लावला होता. बाबा सांगायला लागले तेव्हा त्यांना म्हण ऐकवली. मी म्हटलं, चुकलं बाबा. ते म्हणाले, असू दे. पण किल्ली घेईनात.

"नको. हात आता ऐकत नाहीत."

"हात चांगले आहेत बाबा. गाडीतच खोट होती, मी सांगतेय ना."

"तेव्हा सांगितलंस वाईट आहेत, आता सांगतेस चांगले आहेत," ते म्हणाले. "मला आपलं काही कळत नाही, बाळा."

टोमणा असता तर मी सोसला असता. ते मनापासून बोलत होते. महिनाभर त्यांनी माझं म्हणणं खरं मानून घेतलं होतं, बरणीपासून दाढीपर्यंत, आणि आता ते परत कसं घ्यायचं ते मला येत नव्हतं. त्यांनाही येत नव्हतं.

बुधवारी सकाळी मी व्हॅन काढायला खाली आले तर आई आधीच उतरली होती. जिना एकटी उतरली कशी कोण जाणे. ती बाबांच्या गाडीत, पुढच्या सीटवर, पट्टा लावून बसली होती. पिशवी मांडीवर. मी काच ठोठावली. तिने अर्धी काच खाली केली आणि म्हणाली की ती व्हॅनमध्ये बसणार नाही, आणि उशीर झाला तर मशीन दुसऱ्याला देतात, तेव्हा काय ते लवकर ठरवा. काच वर गेली. बाबा दारात उभे होते. ते तिच्याकडे बघत राहिले, ती समोर बघत राहिली. एवढी आजारी बाई, पण हट्टाला कमी नाही. शेवटी बाबांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी किल्ली दिली आणि मागे बसले.

गल्लीतून गाडी बाहेर काढली ती जुन्या सवयीने, सुरेख. डावीकडचं पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं. आईने डोकं मागे टेकवलं. मला वाटलं, झालं, गंगेत घोडं न्हालं.

मग उजवं वळण आलं. इंडिकेटर लावला, गाडी चौकाच्या मध्यापर्यंत आणली आणि थांबवली. समोरचा रस्ता रिकामा होता. मागून हॉर्न सुरू झाले. बाबांनी दोन्ही हातांनी स्टीअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. त्यांनी आरशात बघितलं. मागचा रस्ता नाही, मला.

"जाऊ ना?" त्यांनी विचारलं.

"जा, बाबा."

ते गेले. चाक अलगद फिरलं, त्यांना आधी लागत होता त्याच्या दहाव्या हिश्शाइतकाही जोर लागला नाही, आणि त्या हलकेपणानेच ते दचकले. पुढच्या उजव्या वळणावर पुन्हा गाडी थांबली. पुन्हा आरशात डोळे. जाऊ ना? मी पुन्हा जा म्हटलं. ज्या माणसाने चौतीस वर्षं भर गर्दीतून मरणाऱ्यांना वाचवत नेलं, तो रिकाम्या रस्त्यावर आपल्या मुलीची परवानगी मागत होता, आणि ही खोड मी त्याला एका वाक्यात लावली होती. आई झोपली नव्हती. डोळे मिटून ती मोजत असावी, कारण मीही मोजत होते. घरापासून हॉस्पिटलपर्यंत उजवीकडची सात वळणं आहेत. प्रत्येक वेळी त्यांनी विचारलं आणि प्रत्येक वेळी मी हो म्हटलं.

सातवं गेटाशी होतं. खांबावर अजून आमच्या रंगाचा ओरखडा होता. गाडी थांबायच्या आतच मी पुढे वाकले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "जा, बाबा."

तरी त्यांनी विचारलंच.